आमचे व्याही आणि पाखरांच्या शेपट्या

२०२२ साली आमचे व्याही त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि तोवर पाखरांच्या शेपट्यांचे एवढे फोटो काढलेला दुसरा माणूस या अख्ख्या मीरा-भाईंदरात झाला नव्हता. पुढे होईल असंही मला वाटत नाही. बगळ्याची शेपटी, घारीची शेपटी, शेकाट्याची शेपटी आणि तिच्यामागे लोंबणारे त्याचे तांबडे पाय, कुरवांच्या एका अख्ख्या थव्याच्या शेपट्या एकाच फोटोत. पाखराला तोंड असतं हे त्यांचे फोटो बघून कुणाला कळलंच नसतं. पूनम सागर वसाहतीत त्यांच्या शेजारी एक गुजराती शेठ राहतात. त्यांनी एकदा चहा पिता पिता सगळे फोटो शांतपणे बघितले, कप खाली ठेवला आणि विचारलं, "बहोत अच्छा है साहेब, लेकिन ये लोग आगे से कैसा दिखता है?" त्यानंतर तीन दिवस व्याही धड जेवले नाहीत.

मी मोरवा गावचा. चाळीस वर्षं मिठागरात राबलो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मास्तरांनी विनाकारण कान पिळला म्हणून मी परत शाळेत गेलो नाही, आणि त्यात चूक मास्तरांची होती हे मी आजही सांगतो. वाचायला, लिहायला पुढे माझं मीच शिकलो. हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. माझ्या मुलानं व्याह्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली. ते परभणीकडचे, आम्ही इथले खाडीवरचे. ते भेटले की जय भीम म्हणायचे, मी रामराम. पहिल्या भेटीत ते मला ‘इवाई’ म्हणाले. त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं माझंच काही नाव ठेवलंय. मग सुनेनं समजावलं. तेव्हापासून मी त्यांचा इवाई आणि ते आमचे व्याही, याहून वेगळं नाव आम्ही एकमेकांना लावलेलं नाही.

व्याह्यांनी पस्तीस वर्षं स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत नोकरी केली. काम एकच, पासपोर्ट साइज फोटो. शाळेची मुलं, नोकरीला निघालेले, परदेशी निघालेले, रेशन कार्डवाले, सगळ्यांना त्या एकाच स्टुलावर बसवून, हनुवटी दोन बोटांनी वर करून, काळ्या कापडाखालून ते एकच वाक्य बोलायचे, "हलू नका." पुढे काळं कापड गेलं, डिजिटल आलं, वाक्य तेच राहिलं. मग घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि हे गृहस्थ घरी आले ते एक शपथ घेऊनच. जन्मभर न हलणारं काढलं, आता जे हलतं तेच काढणार. दुधाच्या किटलीएवढ्या नळीचा कॅमेरा त्यांनी आणला. रिक्षावाल्यानं विचारलं, "अंकल, तोप है क्या?" हे म्हणाले, "तोप ही समझो." त्यानं वाटेतच उतरवलं.

आता हौस असावी, पण हिला नियम किती! पहिला नियम म्हणजे बसलेल्या पाखराचा फोटो काढायचा नाही. "बसलेलं पाखरू म्हणजे पासपोर्ट फोटो, इवाई. ते मी लई काढले." या नियमापायी मी काय काय बघितलं ते सांगतो. विहीणबाईंनी त्यांना खाजणात लपायला जुन्या पडद्यांचा एक झगा शिवून दिला होता. पडदे हिरव्या पानांचे होते, पण मध्ये मध्ये मोठाले गुलाब. तो घालून व्याही बांधावर बसले की कुणीतरी घरातला सोफा आणून टाकल्यासारखं दिसायचं. पाखरांनाही तसंच वाटत असणार, कारण एके दिवशी एक खंड्या आला आणि सरळ त्यांच्या नळीच्या टोकावर बसला. निळाशार, चोचीत मासा, वीतभर अंतरावर! लोक यासाठी गाड्या करून लांबून येतात. मी दहा पावलांवरून हळूच म्हटलं, "व्याही, काढा!" ते ओठ न हलवता म्हणाले, "बसलाय." खंड्यानं नळीवर आपटून आपटून मासा मारला, गिळला, नळीवरच घाण केली आणि उडाला. तेव्हा यांनी कॅमेरा उचलला. फोटोत काय आलं ते मी सांगायला नको.

दुसरा नियम असा की पाखराला उठवायचं नाही. दगड नाही, टाळी नाही, खोकलासुद्धा नाही. आपणहून उठेल तेच उठणं. आणि तिसरा, उजेड नेहमी आपल्या पाठीशी. त्यावर त्यांची देवासारखी श्रद्धा. "उजेड पाठीशी असला की निम्मा फोटो निघालाच समजा," असं ते म्हणायचे. उरलेला निम्मा चार वर्षं निघत नव्हता. काढलेली एकही शेपटी मात्र ते पुसून टाकत नसत. विहीणबाई ओरडायच्या, "अहो, त्या कॉम्प्युटरच्या डब्यात जागा उरली नाही, पुसून टाकू का त्या शेपट्या?" हे म्हणायचे, "पुसू नको. पाखरू तिथं होतं याचा तो पुरावा हाय." आमच्या नातवाच्या बारशाला फोटोचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं. पाळण्यासमोर सगळ्या बायकांना रांगेत उभं करून हे "हलू नका" म्हणाले, सगळ्या जणी श्वास धरून उभ्या, आणि तेवढ्यात हॉलच्या खिडकीतून कबुतर आत आलं. झालं! नळी वर, व्याही गरागरा फिरताहेत, खुर्च्या पडताहेत आणि बायका तशाच, हलू नका म्हटल्यामुळे दगडासारख्या. बारशाच्या अल्बममध्ये आज पंखा आहे, पंख्यामागे एक शेपटी आहे, आणि नातू कोपऱ्यात, अर्धा.

हे पाखरांसाठी आमच्या मोरव्याच्या मिठागरावर यायचे. निम्मी मिठागरं आता बंद पडली, पण बांध आहेत, पाणी आहे, त्यामुळे पाखरं आहेत. तिथं खाडीचं पाणी आत घ्यायच्या फळीजवळ एक राखी बगळा वर्षानुवर्षं उभा राहतो. उंच, मान आत ओढलेली, डोक्यामागे काळी शेंडी. आमच्या मिठागराचे जुने दिवाणजी असेच एका पायावर भार टाकून आमच्या मिठाच्या टोपल्या मोजत उभे राहायचे, म्हणून मी त्याला दिवाणजीच म्हणतो. व्याह्यांचं मन याच दिवाणजींवर जडलं. समोरून, दोन्ही पंख पूर्ण उघडलेले, डोळा लख्ख, आणि डोळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका; असा एक फोटो. घरच्या हॉलमध्ये त्यासाठी त्यांनी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. चार वर्षं त्या खिळ्याला विहीणबाई पिशवी लटकवत होत्या. आणि दिवाणजी! त्यांच्यासारखा हट्टी प्राणी मी माझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. दोन-दोन तास उभे, हे दोन-दोन तास बसलेले. व्याह्यांना शिंक आली की दिवाणजी उठायचे. पाणी प्यायला बाटली उघडली की उठायचे. आणि कॅमेरा तयार असताना उठलेच, तर पाठ फिरवून पश्चिमेला.

एकदा मला हे बघवेना. व्याही तयार बसले होते, उजेड पाठीशी, मी उठलो आणि जोरात टाळी वाजवली. दिवाणजी घाबरून उडाले. व्याह्यांनी कॅमेरा खाली ठेवला, फोटो काढलाच नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इवाई, दचकलेल्या माणसाचा फोटो चोरासारखा येतो. पस्तीस वर्षं मी माणसांना दचकू दिलं नाही. पाखराला देईन का?" मी म्हटलं, "मग जन्मभर शेपट्याच काढा! अहो, ते पाखरू वाऱ्यावर उठतं. वारा बघा आधी." तर ते काय म्हणाले? "वारा दिसतो का फोटोत? इवाई, ह्या कामाला थोडं शिक्षण लागतं."

हे वाक्य माझ्या काळजात गेलं. माझ्या दुसरीवर बोट! मी धोतर झटकलं आणि घरी आलो. सतरा दिवस बोललो नाही. पुढे बोललो, चहापाणी केलं, बांधावर त्यांच्या शेजारी बसलो, पण वाऱ्याबद्दल एक अक्षर तोंडातून काढलं नाही. आमची कारभारीण म्हणायची, "सांगा ना त्यांना एकदा! तोंडाला काय कुलूप हाय?" मी म्हणायचो, "शिकलेल्या माणसाला मी काय सांगू?" मला सगळं दिसत होतं. कुठल्याही पाखराला उठायचं असलं की ते वाऱ्याच्या तोंडावर उठतं, अंगाखाली वारा भरून घेतं. मोठ्या पाखराला तर त्याशिवाय उठताच येत नाही. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटेपासून जमिनीवरून वारा येतो, पूर्वेकडून. त्याला आम्ही मतलय म्हणतो. दहाच्या सुमारास तो पडतो, आणि मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, पश्चिमेकडून. व्याही यायचे अकराला. कारण त्यांच्या बिल्डिंगला पाणी यायचं सकाळी सहा ते आठ, आणि विहीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून सगळं पाणी हेच भरायचे. मग अंघोळ, मग चहा, मग दोन बस. अकराला ऊन अजून पूर्वेच्या बाजूला, म्हणून हे पूर्वेला पाठ करून बसणार. आणि वारा तोवर पश्चिमेचा झालेला, म्हणून पाखरू पश्चिमेलाच उठणार. शेपटी नाही येणार तर काय येईल? एवढी साधी गोष्ट. ती पोटात ठेवून मी दोन हिवाळे त्यांच्या शेजारी बसून शेंगा खाल्ल्या. आज लिहिताना माझी मला लाज वाटते, पण तेव्हा खोटं कशाला सांगू, गोड वाटत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात, पौषात ते आमच्या घरी आले होते. कारभारणीनं चहा पुढे केला. व्याह्यांनी हात पुढे केला तो कपाच्या चार बोटं बाजूला, हवेत. मग हसले, कप चाचपून घेतला. कारभारीण आत गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "इवाई, कुणाला बोलू नका. हिला तर नाहीच. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय. तुमच्याकडे बघतोय ना, तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." मी म्हटलं, "तोंडात बघण्यासारखं काही नाही." ते हसले नाहीत. संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. सुधारेल, किंवा आहे तेवढंही राहणार नाही, डॉक्टर नक्की सांगत नव्हते. मी म्हटलं, "मग डाव्या डोळ्यानं काढा." तर ते असे काही बघायला लागले, की जणू मी त्यांना दुसरी बायको करायला सांगितलं. "पस्तीस वर्षं हाच डोळा लावला, इवाई. डाव्याला काय येतंय? त्याला लहानपणापासूनच धूसर दिसतं, तो नुसता मिटायला ठेवलेला." मग म्हणाले, "एक फोटो पाहिजे होता. नाही झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कॅमेरा पिठाच्या डब्यामागं ठेवतो. संपलं."

ते गेले आणि मला जेवण जाईना. समोरच्या माणसाचा मधला भाग पुसला चाललाय, आणि मी सतरा दिवसांच्या रागाला कुरवाळत शेंगा खातोय! दुसऱ्या दिवशी मी स्वतः पूनम सागरात गेलो. आजवर बोलावल्याशिवाय मी कधी त्यांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. दारातच म्हटलं, "व्याही, कालनिर्णय काढा." ते म्हणाले, "इवाई, बसा तरी." मी म्हटलं, "बसलेल्याशी तुमचं काय काम? कॅलेंडर काढा."

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, जमिनीवर पसरलं. मी सांगितलं, भरतीची वेळ घड्याळात नसते, तिथीत असते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा, सहाला भरती पूर्ण. दशमीला साडेसात. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, सकाळी नऊला पाणी पूर्ण. ही पाऊणकी मला शाळेनं शिकवली नाही, बापानं खाडीत कंबरभर पाण्यात उभं करून शिकवली. दिवाणजी फळीजवळ उभे असतात ते आत येणाऱ्या पाण्याबरोबरच्या बारीक मासळीसाठी. पाणी गुडघ्याला लागलं की ते कुणी न उठवता उठतात आणि पूर्वेच्या उंच बांधावर जाऊन बसतात. वीस वर्षं मी बघतोय. म्हणजे द्वादशीला, भरती पूर्ण व्हायच्या तास-सव्वा तास आधी. तेव्हा ऊन नुकतं वर आलेलं, पूर्वेला. मतलय वाहतोय, पूर्वेकडून. "तुम्ही पूर्वेच्या बांधावर बसा. उजेड तुमच्या पाठीशी. वारापण तुमच्या पाठीशी. पाखरू उठेल ते तुमच्या तोंडावर."

व्याही बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होते. मधोमध दिसत नव्हतं म्हणून मान तिरकी करून, कोंबडा दाण्याकडे बघतो तसं. मग म्हणाले, "हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वी ठाऊक होतं?" मी म्हटलं, "मला शिक्षण कमी." जेवताना विहीणबाईंनी न विचारता माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली, त्यावरून माफी मागितली गेली असं मी धरलं. माझीही त्यांनी धरली असावी.

संक्रांतीनंतरची वद्य द्वादशी, आणि दोन दिवसांनी ऑपरेशन. म्हणजे एकच सकाळ. पाणी भरायला माझा मुलगा आणि सून आदल्या दिवशीच पूनम सागरात जाऊन राहिली, आणि व्याही आमच्याकडे. सकाळी सातला आम्ही पूर्वेच्या बांधावर. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. व्याह्यांच्या अंगावर तो गुलाबांचा झगा, त्यावर कारभारणीची शाल. दिवाणजी फळीजवळ हजर, शंभर पावलांवर, मान आत ओढून. मी बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. बोटाच्या ज्या बाजूला गार लागेल तिकडून वारा, हे बापाचं दुसरं शिक्षण. व्याही म्हणाले, "हे काय पोरासारखं?" मी म्हटलं, "पाठीमागून आहे. गप बसा." ऊन वर आलं. पाणी फळीखालून आत यायला लागलं. आधी ओहोळ, मग पसरट. दिवाणजींच्या पायाच्या बोटांवर, घोट्यावर. एकदा त्यांनी चोच मारली, मासा घेतला, परत स्थिर. व्याह्यांचा डोळा नळीला, आणि मी पाण्याकडे बघत कानात सांगतोय, "घोट्यावर आलं... वीतभर राहिलं... चार बोटं राहिली..." तेवढ्यात मागून मिठागराचा राखणदार आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ए चाचा, इधर क्या..." मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो वाक्य तिथंच टाकून खाली उकिडवा बसला. मी परत पुढे बघितलं. "गुडघा," मी म्हटलं.

दिवाणजींनी मान बाहेर काढली. वाकले, पंख उघडले. बाप रे, एवढे पंख! उभे असताना कुठं ठेवतात कुणास ठाऊक. आणि एक धपका, दोन धपके, पायांतून पाणी निथळतंय, ऊन थेट छातीवर, सरळ, अगदी सरळ आमच्यावर चालून आले. आणि आमचे व्याही, ज्यांनी या क्षणासाठी चार वर्षं चिखल तुडवला, जोरात ओरडले, "हलू नका!"

पस्तीस वर्षांची सवय. काय करणार? पण शपथेवर सांगतो, त्या हाकेनं दिवाणजींनी पळभर आमच्याकडे बघितलं. नजर सरळ नळीत. कॅमेरा चरचर चरचर वाजत राहिला, दिवाणजी आमच्या डोक्यावरून गेले, त्यांच्या पायांचे दोन थेंब माझ्या टोपीवर पडले आणि राखणदार उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

व्याही खाली बसले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत त्यांनी बघितलं, मान इकडून तिरकी केली, तिकडून केली. मग तो कॅमेरा, ज्याला त्यांनी स्वतःच्या पोरीलासुद्धा हात लावू दिला नाही, माझ्या हातात दिला. "इवाई, पंख दिसतात मला दोन्ही. मधलं दिसत नाही. तुम्ही बघा. डोळा आलाय का? डोळ्यात ठिपका आहे का?" मी चष्मा पुसला. बघितलं. परत पुसून परत बघितलं, कारण खोटं बोलायचं नव्हतं. दोन्ही पंख, टोकापासून टोकापर्यंत. पोटाखाली थेंबांची माळ. आणि पिवळा डोळा, आणि त्या डोळ्यात...

"आहे," मी म्हटलं. "पांढरा. मोहरीएवढा."

"नक्की?"

"व्याही, माझं शिक्षण कमी आहे. नजर नाही."

त्यावर ते हसले, आणि हसता हसता शालीनं डोळे पुसायला लागले. मी राखणदाराला सांगितलं, डॉक्टरनी औषध घातलंय. त्या दिवशी दुपारी फोटो मोठा करून आणला आणि संध्याकाळी विहीणबाईंची पिशवी खिळ्यावरून उतरली. शेजारचे शेठ आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "अच्छा! तो आगे से ऐसा दिखता है!" सगळा मजला लोटला. फोटोखाली व्याह्यांनी पांढऱ्या पट्टीवर लिहून घेतलं होतं : ‘फोटो – पूनम सागरचे व्याही. वारा आणि भरती – मोरव्याचे इवाई.’ मी ती पट्टी वाचली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, दोनदा वाचली. कुणाला वाटलं असेल म्हातारा मिरवतोय, तर मिरवतच होतो.

ऑपरेशन झालं; विहीणबाईंना आदल्या रात्री सांगावंच लागलं. त्या ऑपरेशननंतर आठ दिवस पालथं पडून राहावं लागतं, जेवताना, बोलतानासुद्धा तोंड खाली. चार वर्षं आभाळाकडे बघणारा माणूस आठ दिवस फरशीकडे बघत होता. रोज सकाळी उशीतून फोन यायचा, "इवाई, वारा कुठला?" मी बांधावर जायचो, बोट ओलं करायचो आणि सांगायचो. आठ दिवसांनी उताणे झाले. त्यानंतर माघात डॉक्टरनी नीट तपासून सांगितलं, कडेचं छान दिसेल; मधोमध मात्र धुकं राहील, ते जाणार नाही. संध्याकाळी मला फोन आला. आवाज शांत होता. "भिंतीवरचा फोटो बघितला, इवाई. दिवाणजी आहेत. ठिपका तुमच्या शब्दावर." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला माझ्या दाराची कडी वाजली. दारात व्याही, डोळ्यावर हिरवी पट्टी, गळ्यात कॅमेरा. "पिठाच्या डब्यामागून काढला," ते म्हणाले. "पाणी आता पोरगी भरते. आज द्वादशी आहे. पालथा पडल्या पडल्या पाऊणकी पाठ केली. बारा पाऊणे नऊ. चला." बांधावर गेलो तर त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या मानेतून काढला आणि माझ्या मानेत घातला. बटण कुठलं ते माझं बोट धरून दाखवलं. मी नको म्हणायच्या आत पाणी गुडघ्याला लागलं होतं, दिवाणजी उठले, मी दाबायला गेलो, पण माझं बोट जड, मीठ ओढलेलं. बटण दाबेस्तोवर ते आमच्या डोक्यावरून पलीकडे गेले होते. काचेत एक शेपटी आली होती. मी म्हटलं, "पुसू कसं हे?" व्याह्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्यावरची पट्टी वर सरकवली, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं ती शेपटी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "पुसू नका." मग ते उठले, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरून उभे राहिले.